शेवग्याची बी आणि साहेबांची शिकवण
मायबहिणींनो, निवळीची बी उगाळून गढूळ पाणी निवळायची रीत सुश्रुतसंहितेइतकी जुनी. शेवग्याचंही तेच. वाळलेल्या बिया सोलून पूड करायची, पाण्यात ढवळायची. बियांतलं प्रथिन गाळ धरून तासा-दोन तासांत तळाशी बसतं. खोटं काही नाही. पण गाळासोबत सगळे जंतू जात नाहीत. वरचं पाणी ओतून उकळावंच लागतं, त्याच दिवशी संपवावं लागतं. सरपण कुणी आणायचं? सरकारने २०१९ साली घरोघर नळ कबूल केला, २०२४ पर्यंत. मुदत सरली, आता २०२८ सांगतात. आणि टँकरच्या रांगेत उभ्या बाईला साहेब शेवग्याचे गुण शिकवतात! साहेब, तुमच्या बंगल्याच्या टाकीत टाका की मूठभर!