औषधाचा निर्णय मतपेटीत नको

भांग, गांजा आणि चरस ही एकाच वनस्पतीची तीन रूपे वैद्यवर्गाला नवी नाहीत. शार्ङ्गधराने व्यवायी द्रव्यांची उदाहरणे म्हणून भंगा आणि अहिफेन यांचीच निवड केली. ग्रहणीत योजिले जाणारे जातीफलादि चूर्ण तर आपल्या नित्य परिचयाचे आहे. म्हणूनच या वनस्पतीच्या औषधी वापरावरून अमेरिकेत राज्ये आणि केंद्र यांच्यात चालत आलेला वाद आपण परक्यांचे भांडण म्हणून सोडून देणे उचित नव्हे.

अमेरिकेच्या 1970 च्या नियंत्रित द्रव्य कायद्याने ही वनस्पती पहिल्या अनुसूचीत, म्हणजे मान्य वैद्यकीय उपयोग नसलेल्या द्रव्यांत घातली. 1996 साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ठराव क्रमांक 215 संमत करून रुग्णांना ती मोकळी केली. तेव्हा क्लिंटन सरकारने, तिची शिफारस करणाऱ्या डॉक्टरांचे नियंत्रित औषधे लिहिण्याचे अधिकार काढून घेण्याची धमकी दिली. 2002 मध्ये अपील न्यायालयाने डॉक्टरांचा शिफारशीचा हक्क राखला. परंतु 2005 च्या ‘गोन्झालेस विरुद्ध राइच’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरविले, की रुग्णाने घरी स्वतःपुरते लावलेले रोपही केंद्राच्या बंदीच्या कक्षेत येते. या खटल्यात अलाबामा, लुइझियाना आणि मिसिसिपी ही अमली पदार्थांबाबत कठोर असणारी राज्ये रुग्णांच्या बाजूने उभी राहिली. त्यांना काळजी रुग्णांची नव्हती, राज्यांच्या अधिकारांची होती.

राजकारण्यांच्या भूमिकाही अशाच फिरत राहिल्या. ओबामा सरकारने 2009 व 2013 मध्ये सौम्य धोरणाची परिपत्रके काढली. जानेवारी 2018 मध्ये महान्यायवादी जेफ सेशन्स यांनी ती मागे घेतली. मधल्या काळात, 2014 साली, रिपब्लिकन रोहराबाकर आणि डेमोक्रॅट फार या कॅलिफोर्नियाच्याच दोन प्रतिनिधींच्या पुढाकाराने, राज्यांच्या औषधी गांजा कायद्यांत अडथळा आणण्यासाठी न्याय खात्याने पैसा खर्चू नये, अशी तरतूद संमत झाली. मूळ बंदी कायम, फक्त कारवाईचा पैसा बंद! रुग्णाचे संरक्षण अर्थसंकल्पातील एका कलमाच्या आधारावर लोंबकळत राहिले. मे 2024 मध्ये न्याय खात्याने ही वनस्पती तिसऱ्या अनुसूचीत नेण्याचा प्रस्ताव मांडला, तोवर मूळ कायद्याला अर्धशतक उलटून गेले होते.

या साऱ्यातील खरी हानी निराळीच आहे. 1968 पासून 2021 पर्यंत संशोधकांना हे द्रव्य कायदेशीररीत्या पुरविणारी शेती एकच होती, ती मिसिसिपी विद्यापीठाची. विरोधक पुरावा नाही म्हणून परवानगी नाकारत राहिले आणि परवानगी नाही म्हणून पुरावा निर्माण होईना.

आता आपल्या अंगणाकडे पाहू. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातील गांजाच्या व्याख्येतून शेंड्यांविना असलेली पाने व बिया वगळल्या आहेत. पानांचे नियमन राज्यांच्या अबकारी व मद्यनिषेध कायद्यांकडे आहे. वैद्यकीय व शास्त्रीय प्रयोजनासाठी मुभा कलम 8 मध्येच आहे आणि कलम 10 नुसार राज्ये नियम करू शकतात. औषधी व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-1 अनुसूचीत भांग विषारी द्रव्यांत नोंदविलेली आहे. म्हणजे ती वैद्यकीय देखरेखीखाली द्यावयाची आहे. अमेरिकन डॉक्टरला ज्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, ते आपल्याला कागदावर तरी उपलब्ध आहे.

मग त्याचे आपण काय केले? भांगयुक्त कल्प कोणत्या रुग्णास, कोणत्या मात्रेत, कोणत्या शोधनानंतर दिला आणि उपशय वा उपद्रव काय झाला, याच्या सुसंगत नोंदी आपल्यापैकी किती जणांकडे आहेत? ‘शास्त्रात सांगितले आहे’ हे उत्तर आपल्यापुरते ठीक. कायदा करणाऱ्यापुढे ते तोकडे पडते. परंपरा दिशा दाखवते, पण विश्वास रुग्णांच्या नोंदींनी येतो. शिवाय गर्भिणी, अल्पवयीन आणि मानसविकारी रुग्ण यांच्याबाबतचा निषेध आपणच स्पष्ट शब्दांत सांगितला नाही, तर अमेरिकेतील मतदानाचे दाखले देत नशेचा व्यापार करू पाहणारे आपल्या नावाचा आधार घेतील.

तेव्हा संघटनेने दोन गोष्टी हाती घ्याव्यात: शोधित भांगेचे प्रमाणीकरण आणि अशा रुग्णांची सामाईक नोंदवही. भूमिका बदलणे हा राजकारण्याचा धर्म असेल. वैद्याचा धर्म युक्ती हा आहे, आणि ती नोंदीवाचून सिद्ध होत नाही.