चोराला मोकळे रान, शेतकऱ्याला बोल



कापसाचे पैसे खात्यावर पडले की मेसेज येतो : ‘केवायसी करा, नाहीतर आज रात्री खाते बंद.’ पीएम किसानच्या 2000 रुपयांच्या हप्त्याच्या सुमारास दुसरा येतो, सोबत एपीके नावाची फाईल. ती फोनात बसवून ‘परवानगी द्या’ वर बोट ठेवले की तुम्हाला येणारा ओटीपी चोरही वाचतो. तोंडाने कोणाला काही सांगितले नाही, तरी खाते साफ.

मी शेतकीचा पदवीधर. कपाशीत कामगंध सापळे लावा म्हणून गावोगाव सांगत फिरलो. नर पतंगाला कोणी धरून सापळ्यात घालत नाही. मादीचा वास येतो म्हणून तो आपल्या पायाने, म्हणजे पंखाने, जातो. या मेसेजला वास बँकेचा असतो, एवढाच फरक.

गेल्या हंगामात अशाच एका लुबाडलेल्या भावाला घेऊन बँकेत गेलो. साहेब म्हणाले, “अडाण्यांनी मोबाइल वापरावा कशाला?” अहो साहेब, आम्ही मागितला होता काय? आधार जोडा, नंबर जोडा, नाहीतर अनुदान विसरा, हे दरडावले कोणी? आणि चोरीचा पैसा उतरतो तो कुठल्यातरी बँकेच्याच खात्यात. पीककर्जाला सातबारा, आठ-अ, नो ड्यूज मागून चपला झिजवायला लावणारे, ती खाती उघडताना कुठले कागद बघतात?

रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 ला परिपत्रक काढले, सहकारी बँकांसाठी त्याच डिसेंबरात. चूक ना ग्राहकाची ना बँकेची, आणि कामाच्या तीन दिवसांत कळवले, तर ग्राहकाचे नुकसान शून्य. ओटीपी स्वतः दिला असला तरी कळवल्यानंतर जाणारा पैसा बँकेच्या अंगावर. दोष ग्राहकाचा, हे सिद्ध करायचे बँकेने. साहेबांनी यातले एक अक्षर सांगितले नाही.

म्हणून पैसे गेल्याचे दिसताच आधी 1930 फिरवा. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी तिथेच गोठवता येतो. मग बँकेत लेखी अर्ज, आणि तारखेच्या शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका. मेसेजमधल्या नंबरावर फोन नको, पासबुकावरचा वापरा. पैसे यायला पिन कधीच लागत नाही.

ज्यांचे पैसे गेले आहेत त्यांनी जिल्हा बैठकीला पासबुक, तो मेसेज आणि अर्जाची पोच आणावी. पोच नाकारली असेल तर शाखेचे नाव आणि तारीख लिहून आणा. त्या शाखेत आपण सगळे मिळून जाऊ.