आधी शेवग्याचा पाला, मग दाणा

खार शेंगदाण्यांवर जगते, असा आपल्याकडे पक्का समज आहे. बागेत खार दिसली की हात आपसूक दाण्यांच्या पुडीकडे जातो. झाडावरच्या खारीचं त्यानं फारसं बिघडत नाही, कारण दिवसभरात ती कोवळे कोंब कुरतडते, फळं, बिया, साल खाते, फुलांतला मध चाटते, किडेही पकडते. घरात वाढणाऱ्या खारीचं मात्र थेट हाडांपर्यंत बिघडतं.

सध्या माझ्याकडे असलेली चिंगी अशाच एका घरातून आली. घरट्यातून पडलेलं ते पिल्लू तिथल्या मुलांनी मायेनं वाढवलं होतं. पण तिच्या जेवणात दोनच पदार्थ होते, शेंगदाणे आणि बिस्किटं. आता ती पालेभाजीकडे ढुंकूनही पाहत नाही. वाटीत मिश्रण ठेवलं की आधी नाकानं सगळं ढवळते, दाणा शोधते, दोन्ही पंजांत धरून गरगर फिरवते आणि दातांनी वरचं लालसर साल सोलून टाकते. दोडक्याचा तुकडा हाताला लागला तर तो उचलून वाटीबाहेर फेकते.

खार घरात पाळायची गोष्ट नाहीच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिला संरक्षण दिलं आहे. पिल्लू सापडलं तर वन विभागाला कळवावं; महाराष्ट्रात त्यासाठी 1926 हा क्रमांक आहे. चिंगीही वन विभागाला कळवून, सोडण्यासाठीच माझ्याकडे ठेवली आहे. म्हणूनच तिच्या खाण्याची मला एवढी काळजी वाटते. ठिसूळ हाडांची खार फांदीवरून फांदीवर उडी मारणार कशी?

शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत कॅल्शियम साधारण 90 मिलिग्रॅम असतं आणि फॉस्फरस 350 च्या पुढे. सूर्यफुलाच्या बियांत ही तफावत आणखी मोठी. खारीच्या आहारात फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम कमी पडता कामा नये; दुप्पट असेल तर उत्तम. हिशेब उलटा झाला आणि तसाच राहिला की शरीर रक्तातली तूट भरून काढायला हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. खार आधी सुस्तावते. मग मागच्या पायांवर जोर येत नाही, उडी चुकते, साध्या पडण्यानं हाड मोडतं, शेवटी झटके येतात. यातलं एकही लक्षण दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नये, त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावं. कॅल्शियमची पूडही त्यांनी सांगितलेल्या मापानंच द्यावी.

आमच्या शेजारच्या आजींना चिंगीची फार दया येते. ‘‘अगं, चार दाणे टाक की. केवढासा जीव, उपाशी ठेवतेस का त्याला?’’ त्यांची माया मला कळते. पण आपल्याकडची पूर्ण वाढलेली खार भरते जेमतेम शंभर ग्रॅम. एक दाणा अर्ध्या ग्रॅमचा धरला, तर वजनाच्या हिशेबानं तो साठ किलोच्या माणसानं पाव किलोहून जास्त शेंगदाणे खाण्यासारखा होतो. चार दाण्यांत तिचं पोट भरतं, मग पाला खायला भूक उरणार कुठून? आजींना मी हे वहीत मांडून दाखवलं. तेव्हापासून दाण्यांचा आग्रह थांबला आणि त्यांच्या परसातल्या शेवग्याची डहाळी रोज सकाळी आमच्या दाराशी येऊ लागली.

भूक सकाळी कडकडीत असते, म्हणून पहिली वाटी हिरव्याचीच: शेवग्याचा पाला, दोडका, गाजर, थोडा कोथिंबिरीचा देठ. पालकात कॅल्शियम असतं, पण त्यातलं ऑक्झलेट ते अंगी लागू देत नाही, म्हणून पालक नाही. दाणा संध्याकाळी, तोही एखादाच, सालासकट. मधल्या वेळेला नाचणीच्या पिठाची वाटाण्याएवढी गोळी. नाचणीत शंभर ग्रॅममागे 340 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि फॉस्फरस त्याहून कमी. आपल्या रोजच्या धान्यांत असं दुसरं नाव मला सांगता येणार नाही. सुरुवातीला चिंगीनं गोळी नुसती हुंगून सोडली. मग मी ती चिमूटभर दाण्याच्या कुटात घोळवली. ती खायला लागल्यावर कूट हळूहळू कमी करत नेला. हट्टी खारीला एकदम उपाशी ठेवून वळण लावणं धोक्याचं असतं, इवल्या जिवाला उपास झेपत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज तिचं वजन करायचं आणि ते घसरताना दिसलं की बदल सावकाश करायचा.

सगळ्यात जास्त फरक मात्र पदार्थ बदलून पडला नाही, तो पडला वाढण्याची पद्धत बदलून. पेरूच्या फोडी चिंगी कधी खात नव्हती. अख्खा पेरू देठानं फांदीला बांधला, तर तिनं उलटं लटकून त्याला भोक पाडलं आणि तोंड आत घातलं. मटारचे सोललेले दाणे वाटीत वाळून गेले. शेंग दिली तर ती शिवणीवर फाडून एकेक दाणा काढून खाल्ला. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यांना झिजायला काम लागतं. खाणं शोधावं, फोडावं, सोलावं लागलं की तिला त्यात रस येतो. आपण चिरून, सोलून, मऊ करून देतो आणि मग म्हणतो, ही फार नखरेल आहे!

कोवळ्या उन्हाचंही तसंच. ड जीवनसत्त्वाशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. खिडकीच्या बंद काचेतून येणारं ऊन त्यासाठी निरुपयोगी, कारण उन्हातले त्या कामाचे किरण काच अडवते. म्हणून सकाळी पिंजरा गच्चीवर न्यायचा, अर्धा उन्हात आणि अर्धा सावलीत. मांजर आणि घारीपासून राखण म्हणून मी तिथेच बसते.

पुढच्या आठवड्यात पिंजरा आजींच्या परसातल्या आंब्याखाली हलवायचा आहे. तिथे वाटी बंद, सगळं खाणं फांद्यांना बांधून द्यायचं. जांभळाची आणि पेरूची ताजी डहाळी, सालीसकट, आजी आणवणार आहेत. दार उघडल्यावरही काही दिवस नाचणीची गोळी त्याच जागी ठेवायची, बाहेर पुरेसं मिळालं नाही तर परत येऊन खाता यावी म्हणून.