मैदान सुटल्यावर

कॉलेजात पाऊल टाकताच आपल्या दोन पंगती पडतात. एक जिमखान्याची, दुसरी स्नेहसंमेलनाची. पहिलीतल्याने पुस्तकाला हात लावू नये आणि दुसरीतल्याने मातीला, असा जणू दंडकच! हा दंडक किती पोकळ आहे, हे मुंबईच्या राहुल बोस यांच्याकडे पाहिले म्हणजे कळते.

नट म्हणून ते आपल्या परिचयाचे आहेत. 'इंग्लिश, ऑगस्ट' १९९४ साली आला, 'मिस्टर अँड मिसेस अय्यर' २००२ साली. मधल्या काळात, १९९८ मध्ये, भारताचा रग्बी संघ प्रथमच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, त्या संघात ते होते. पुढेही कित्येक वर्षे ते देशासाठी खेळले. खेळ थांबला, माणूस थांबला नाही. तेराव्या वर्षी एव्हरेस्ट सर करणाऱ्या पूर्णा मालावत या आदिवासी मुलीवर त्यांनी २०१७ साली चित्रपट काढला. भारतीय रग्बी संघटनेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

कोणी म्हणेल, "मुंबईच्या सुखवस्तू माणसाला हे जमते, जामनेरच्या शेतकऱ्याच्या पोराचे काय?" आक्षेप रास्त आहे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जाता यावे म्हणून प्राचार्य खर्डेकरांना स्वतःचे घर गहाण टाकावे लागले. १९५२ साली खाशाबांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात लागले; पण निवृत्तीनंतर पेन्शनसाठी त्यांना झगडावे लागले. १९८४ साली ते अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर!

म्हणूनच माझे म्हणणे असे, की खेळाडूचे दुसरे आयुष्य नशिबावर सोडू नये. ज्याच्या घरी आधार नाही, त्याला कॉलेजने तो द्यावा. सामन्यांमुळे बुडालेले तास प्राध्यापकांनी पुन्हा घ्यावेत. कबड्डीपटूला नाटकात घ्यावे, वक्तृत्वाला उभे करावे. आणि खेळाडू मित्रांनो, तुम्हीही ढाल मिळाली म्हणून वाचनालयाची पायरी विसरू नका. गुडघा एकदा दुखावला की ढाल पोट भरत नाही.

रग्बीत हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही. तो मागच्यालाच द्यावा लागतो, आणि तरीही संघ पुढे सरकतो. पुढे गेलेल्यांनी मागच्यांच्या हाती काही दिले, तरच आपल्या मैदानांनाही काही अर्थ राहील.