पनामाची वाट नारायणगुड्यावरून

अमेरिकेत मुलाकडे राहायला गेलेल्या आईवडिलांचे नायगारा आणि न्यूयॉर्क पहिल्याच फेरीत पाहून होते. दुसऱ्या फेरीत पनामाचा बेत निघतो. मायामीहून विमानाने सुमारे तीन तास, ह्यूस्टनहून चार. कालवा पाहायचा, चार दिवस राहायचे, परत यायचे. काचीगुडा-सुलतान बाजारापासून कुकटपल्लीपर्यंत पसरलेल्या हैदराबादच्या मराठी कुटुंबांत असे बेत आता नवलाचे राहिलेले नाहीत. नांदेड-लातूरकडची कित्येक मंडळीही शमशाबादच्याच विमानतळावरून परदेशी निघतात. या सगळ्यांनी पनामाला जरूर जावे. पण तयारीचा क्रम बदलावा.

सध्या तयारी व्हिसापासून सुरू होते आणि तिथेच संपते. पासपोर्टवर अमेरिकेचा बहुप्रवेशी व्हिसा असेल आणि तो एकदा तरी वापरलेला असेल, तर पर्यटनासाठी पनामा वेगळा व्हिसा मागत नाही. परतीचे तिकीट आणि किमान ५०० डॉलर जवळ असल्याचा पुरावा मात्र हाताशी ठेवावा लागतो. व्हिसाच्या मुदतीच्या अटी बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दिल्लीतल्या पनामाच्या दूतावासाकडून खात्री करून घेणे बरे. एवढे झाले की बॅगा भरल्या जातात. खरी अडचण पनामात शिरताना येतच नाही. ती भारतात परतताना येते.

पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, देशांची जी यादी भारताने केली आहे, तिच्यात पनामा आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत येणाऱ्याजवळ लसीचे वैध प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. उलट, भारतातून गेलेल्या प्रवाशाकडे पनामा हे प्रमाणपत्र मागत नाही. तिथे पीतज्वराचा धोका आहे तो मुख्यतः कालव्याच्या पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात. पनामा सिटी आणि कालवा एवढ्याच सहलीसाठी अमेरिकेतले डॉक्टरही लसीचा आग्रह धरत नाहीत. म्हणून मुलगा फोनवर सांगतो, ‘‘बाबा, लस लागत नाही.’’ त्याचे म्हणणे पनामापुरते खरे असते, शमशाबादपुरते नसते.

हा नियम अनेकांना नसता जाच वाटतो. तो जाच नाही. पीतज्वर पसरवणारा एडिस इजिप्ती डास डेंग्यूमुळे दख्खनच्या घराघरात माहीत झालेला आहे. भारतात पीतज्वर आजवर पसरलेला नाही, त्यामुळे इथल्या लोकांच्या अंगात त्याच्याशी झुंजण्याची ताकदही नाही. डास आहे, माणसांची दाटी आहे, नाही तो फक्त विषाणू. आणि तो एखाद्या प्रवाशाच्या रक्तातून येऊ शकतो. लस न टोचता नुसते कार्ड मिळवून देणारा कोणी सापडतो का, हे शोधणारा माणूस आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचा जीव पणाला लावत असतो.

हैदराबादकराला तर हे वेगळे सांगावे लागू नये. २० ऑगस्ट १८९७ रोजी डॉ. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले, ते सिकंदराबादेत. चावू दिलेल्या प्रत्येक डासामागे एक आणा या बोलीवर हुसेन खान नावाचा रुग्ण त्यांना साथ देत होता. जिथे हा शोध लागला, ती बेगमपेटची इमारत आजही रॉस यांच्या नावाने उभी आहे. त्याच्या काही वर्षे आधीच पनामात कालवा खोदण्याचा फ्रेंचांचा प्रयत्न फसला होता. १८८१ नंतरच्या त्या कामावर पीतज्वर, हिवताप आणि इतर रोगांनी सुमारे २२ हजार माणसे मेल्याचा अंदाज आहे. १९०४ मध्ये अमेरिकेने काम हाती घेतले, तेव्हा डॉ. विल्यम गॉर्गस यांनी आधी डासांवर मोहीम काढली. साचलेल्या पाण्यावर तेल, घरांत धुरी, खिडक्यांना जाळ्या, नळाचे पाणी. त्या वर्षी रॉस स्वतः पनामाला जाऊन आले. १९०५ संपता संपता तिथला पीतज्वर आटोक्यात आला आणि १५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा खुला झाला. कालव्यावरच्या मिराफ्लोरेसच्या गच्चीवरून जहाजे पाहताना बेगमपेट आठवावे, इतके हे नाते जवळचे आहे.

म्हणून पनामाच्या तयारीतला पहिला थांबा नारायणगुडा. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनमध्ये पीतज्वराची लस मिळते. उघडलेली कुपी फार वेळ टिकत नाही, त्यामुळे अशा केंद्रांवर लोकांना ठरवून एकत्र बोलावतात. दिवस आणि वेळ आधी विचारूनच जावे. मूळ पासपोर्ट सोबत न्यावा, कारण त्याचा क्रमांक प्रमाणपत्रावर लिहितात. टोचल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होते आणि पुढे आयुष्यभर चालते. अमेरिकेत हीच लस बरीच महाग पडते.

साठी ओलांडलेल्यांनी मात्र सरळ रांगेत उभे राहू नये. ही जिवंत विषाणूची लस आहे. उतारवयात तिचे गंभीर दुष्परिणाम क्वचितच होतात, पण तरुणांपेक्षा जास्त आढळतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी, कर्करोगावर किंवा प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार चालू असलेल्यांनी आणि गर्भवतींनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. डॉक्टर नको म्हणाले, तर पनामाचा हट्ट सोडावा.

बाकीची तयारी सोपी आहे. देश मराठवाड्याहून थोडासाच मोठा. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कोरडा मोसम असतो. चलनाचे नाव बाल्बोआ, पण नोटा अमेरिकी डॉलरच्याच चालतात. वीज ११० व्होल्टची, त्यामुळे घरची किटली किंवा राइस कुकर नेऊन उपयोग नाही. शाकाहारींचे हाल होत नाहीत: कच्च्या केळ्याचे तळलेले पाताकोनेस मिळतात, आणि नारळाच्या दुधात तूर घालून शिजवलेला भात तर तिथल्या सणासुदीचा. मात्र ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढेच म्हटल्यावर कोंबडी ताटात येऊ शकते. ‘सिन पोयो, सिन पेस्कादो’ असे कोंबडी-मासळीचेही नाव घेऊन सांगावे. कालव्यावर जहाजे सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त दिसतात. भर दुपारी गेलेले अनेकदा रिकामे पाणी पाहून येतात.

पनामाच्या पूर्वेकडे दारिएनचे जंगल आहे. अलास्काहून निघालेला महामार्ग तिथे सुमारे शंभर किलोमीटर तुटतो. त्या जंगलातून २०२३ मध्ये ५ लाखांहून अधिक स्थलांतरित उत्तरेकडे, अमेरिकेच्या दिशेने गेले. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेने लष्करी विमानातून अमृतसरला परत धाडलेल्या १०४ भारतीयांत महाराष्ट्रातलेही तिघे होते, आणि परतलेल्यांपैकी काहींनी याच वाटेच्या कहाण्या सांगितल्या. ‘‘पनामापर्यंत पोचवतो, पुढचं बघू,’’ म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवावे. प्रामाणिक पर्यटकानेही या पार्श्वभूमीवर हॉटेलचे आरक्षण, परतीचे तिकीट आणि विमा छापील स्वरूपात जवळ ठेवावा. भारतीय पासपोर्टवर तिथे आता चार प्रश्न जास्त विचारले जाऊ शकतात.

सहली काढणाऱ्या कंपन्यांनी लसीचा उल्लेख पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात न करता दरपत्रकाच्या वर करावा. हैदराबादच्या मराठी संस्थांनीही एखाद्या रविवारी डॉक्टरांना बोलावून परदेशी निघालेल्या ज्येष्ठांच्या शंका निरसून द्याव्यात. पनामाचा बेत पक्का नसला, तरी तो अमेरिकेत गेल्यावर निघण्याची शक्यता असतेच. तेव्हा डॉक्टरांची हरकत नसेल तर लस शमशाबाद सोडण्याआधी, हाताशी महिनाभर ठेवून घ्यावी आणि प्रमाणपत्राचे पिवळे कार्ड पासपोर्टच्याच पाकिटात ठेवावे.