‘कापसासारखं’ म्हणजे कापूस नव्हे

समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीत पाळीविषयी बोलायला गेले होते. दिवस वेचणीचे, त्यामुळे बैठक रात्री आठनंतर. बरोबर नेहमीचं सामान : गर्भाशयाचा तक्ता आणि पॅडची दोन-तीन पाकिटं. एका पाकिटावर कापसाचं फुटलेलं बोंड छापलेलं, खाली ‘कापसासारखा मऊ स्पर्श’. एका बाईने पॅड हातात घेतलं, वरचा पापुद्रा सोलला, दोन बोटांत चोळला आणि म्हणाली, “ताई, हा आपला कापूस नोहे वो.”

मी विचारलं, “कशावरून?”

तिने काडी ओढली. पापुद्रा आकसला, वितळला आणि त्याची कडक गुठळी झाली. मग तिने घरातल्या ढिगातला चिमूटभर कापूस पेटवला. कागद जळल्यासारखा वास आला आणि फुंकरीने उडेल अशी राख उरली. “कापूस जळला का राख होते. हे तं प्लास्टिक आहे ना.”

मैत्रिणींनो, एम.एस.डब्ल्यू. करताना मी समाज, संघटना, कायदा शिकले. पॅड कशाचं बनतं ते कुणी शिकवलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. इतकी वर्षं गावोगाव ‘आत कापूस असतो’ असं सांगत फिरले. चूक माझी आहेच. पण मला चुकवण्यासाठी त्या पाकिटावर बोंडाचं चित्र कुणी छापलं, हाही प्रश्न आहे.

म्हणून आधी समजून घेऊ. अनेक पॅडच्या वरच्या थरात जो तंतू असतो त्याला कारखान्यात ‘बायकॉम्पोनंट फायबर’ म्हणतात. दोन वेगवेगळी प्लास्टिकं वितळवून एकाच छिद्रातून एकाच वेळी दाबून काढतात आणि त्यांचा मिळून एक तंतू होतो. रचना विजेच्या वायरसारखी : गाभा पॉलिप्रॉपिलिनचा किंवा पॉलिएस्टरचा, वेष्टण पॉलिएथिलिनचं. वेष्टण साधारण १३० अंशांना वितळतं, पॉलिप्रॉपिलिन १६०च्या आसपास, पॉलिएस्टर २५०च्या पुढे. अशा तंतूंच्या थरातून गरम हवा सोडली की वेष्टणं वितळून तंतू एकमेकांना चिकटतात आणि गाभा शाबूत राहतो. सूत नाही, विणकाम नाही, डिंकही नाही. तरी फुगीर, मऊ कापड तयार. त्याखाली बहुतेक पॅडमध्ये लाकडाचा लगदा आणि ओल धरून ठेवणारी रासायनिक भुकटी असते, आणि तळाला पुन्हा प्लास्टिकचा पापुद्रा.

हीच युक्ती इतरत्रही चालते. दोन घटक शेजारी-शेजारी ठेवले तर ते कमी-जास्त आकसतात आणि तंतू लोकरीसारखा कुरळा होतो. एका घटकात दुसऱ्याचे बारीक तंतू बेटांसारखे ठेवून नंतर भोवतालचा घटक विरघळवून टाकला, की अतिसूक्ष्म तंतू उरतात. त्यांतूनच जपानच्या ‘तोरे’ कंपनीने १९७० साली नकली मखमली चामडं बनवलं. हुशारीबद्दल शंकाच नाही.

आणि मी यंत्राच्या विरोधात नाही. ‘आपलं जुनं लुगड्याचं फडकंच बरं’ असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला बसायचं नाही. ते फडकं चोरून धुवावं लागे, उन्हात न टाकता सांदीकोपऱ्यात वाळवावं लागे, आणि तसंच दमट पुन्हा घ्यावं लागे. त्याचे गोडवे बहुधा ज्यांना ते कधी वापरावं लागलं नाही तेच गातात. दिवसभर पऱ्हाटीत वाकून वेचणाऱ्या बाईला, जिथे आडोसा नाही की पाणी नाही, कोरडेपणा हवाच. कापूस ओल धरून बसतो. हा तंतू स्वतः ओल पीत नाही, ती खाली जाऊ देतो. हा फायदा खरा आहे, आणि तो तिला मिळालाच पाहिजे.

माझं भांडण लपवाछपवीशी आहे. आपल्या देशात कापडात कोणता धागा किती, हे छापायचा नियम १९८८ पासून आहे. शर्टपीसच्या काठावर ‘६७ टक्के पॉलिएस्टर, ३३ टक्के कॉटन’ असा शिक्का आपण वाचतो. म्हणजे नवऱ्याच्या सदऱ्यात काय आहे हे बाईला कळायला हवं, पण तिच्या अंगातल्या सगळ्यात नाजूक जागेशी दिवसच्या दिवस लागून राहणाऱ्या वस्तूत काय आहे, ते कळायला नको? पॅडसाठी भारतीय मानक कित्येक वर्षांपासून आहे, २०१९ साली ते सुधारलंही. पॅड किती शोषतं, आम्लता किती, हे त्यात तपासलं जातं. पण मी जी पाकिटं जमवून चाळली, त्यांपैकी एकावरही तंतूंची नावं आणि प्रमाण सापडलं नाही. ‘विंग्ज’ सापडले, सुगंध सापडला, फुलं सापडली.

दुसरं भांडण कचऱ्याचं. कापूस कुजतो, लाकडाचा लगदाही कुजतो. हा तंतू आपल्या हयातीत कुजत नाही. दोन प्लास्टिकं एकाच तंतूत एकजीव केलेली, त्यामुळे ती वेगळी करून पुन्हा वापरणंही कठीण. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने ‘अस्मिता’ योजना आणली आणि बचत गटांकडून पॅड विकवले. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा जीएसटी गेला. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राच्या जनौषधी दुकानांत पॅड एक रुपयाला आलं. पॅड स्वस्त झालं, याचं मी स्वागत करते. पण पाकिटं किती खपली याचे आकडे मोजणाऱ्यांनी, वापरलेलं पॅड जाणार कुठे हे विचारलं का? २०१६ च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांना सांगितलं होतं : पुन्हा वापरता येईल असा माल शोधा, नाहीतर टाकण्यासाठी वेष्टन द्या. वेष्टन देणं सोपं. पण जिथे घंटागाडीच येत नाही, तिथे ते वेष्टन घेऊन बाई जाणार कुठे? ती पुरते, धुऱ्यावर जाळते, नाहीतर संडासाच्या खड्ड्यात टाकते. मग सभेत साहेब म्हणतात, “बायकांना शिस्त नाही.” न कुजणारी वस्तू बनवली कुणी, विकली कुणी, आणि बेशिस्त मात्र बाई!

तिसरं भांडण या मातीतलं आहे. हिंगणघाटचा कापूस ब्रिटिशांच्या काळात गावाच्या नावानेच बाजारात ओळखला जाई. ग्रामोद्योग संघ १९३४ साली वर्ध्यातच स्थापन झाला. आज ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्था वर्ध्यात आहे, कापूस संशोधनाची नागपुरात. सूतगिरणीत विंचरताना जो आखूड तंतू बाजूला पडतो, त्यावरचं नैसर्गिक मेण काढलं की तो ओल शोषतो. दवाखान्यातला कापूस त्यातूनही होतो. मग वेष्टण-गाभ्याच्या तंतूवर जेवढी बुद्धी खर्च झाली, तिचा थोडा तरी वाटा धुता येणाऱ्या किंवा कुजणाऱ्या, तरीही कोरड्या राहणाऱ्या पॅडवर का खर्च होऊ नये? किलोच्या भावाने कापूस वेचणाऱ्या बाईला कापसाचं चित्र विकत घ्यावं लागतं, ही कसली प्रगती?

मागण्या साध्या आहेत. पाकिटावर प्रत्येक थर कशाचा, ते मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात छापा. ज्यात कापूस नाही त्यावर बोंड छापायला बंदी घाला. वापरलेलं पॅड गावातून उचलण्याचा खर्च उत्पादकांकडून घ्या. आणि सरकारी योजनेत पॅड, मासिक कप, धुता येणारं कापडी पॅड यांपैकी निवड बाईला करू द्या.

तोवर आपलं काम आपण करू. पुढच्या बैठकीला पॅड न्याल तेव्हा एक ताटली आणि काडेपेटीही न्या. वरचा थर सोला, चिमट्यात धरून पेटवा, शेजारी कापूस पेटवा, आणि बायकांनाच सांगू द्या काय दिसलं ते. पाकिटावर काय लिहिलं होतं तेही उतरवून या पत्त्यावर पाठवा. पुढच्या अंकात ती यादी छापू.