धुरंधरांचे चित्र म्हणजे छायाचित्र नव्हे

समाजमाध्यमांवर एक रंगीत चित्र वारंवार फिरते. खाली ओळ असते: ‘शंभर वर्षांपूर्वीची अस्सल मराठी स्त्री’. चित्र बहुधा महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे असते. ओळ मात्र दिशाभूल करणारी असते.

धुरंधरांच्या (१८६७–१९४४) हाताविषयी वादच नाही. निऱ्या कशा पडतात, काष्टा कुठे खोचतात, हे त्यांच्याइतके बारकाईने पाहणारे चित्रकार थोडेच. प्रश्न आहे तो चित्र कोणासाठी काढले गेले याचा. यांतली कित्येक चित्रे ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) या पुस्तकातली आहेत. लेखक ऑटो रॉथफील्ड, इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधला अधिकारी. तिथे तोडा स्त्री आहे, गोंड स्त्री आहे, मुंबईची मासेवाली आहे. एकेका समाजाला एकेक बाई, आणि त्या बाईला नाव नाही! याला नोंद म्हणत नाहीत. ही वर्गवारी झाली.

जपानी काष्ठमुद्राचित्रांबाबत अभ्यासक असा भाबडेपणा करत नाहीत. १७७० च्या दशकात कोर्युसाईने किमोनोंच्या नव्या नक्षीची एक प्रसिद्ध चित्रमालिका केली. ते कपडे अंगावर मिरवणाऱ्या स्त्रिया योशिवारातल्या गणिका होत्या. मालिकेमागे प्रकाशक होता, बाजार होता. ती पाहून ‘जपानी शेतकरीण अशी नटत असे’ असे कोणी म्हणत नाही. शिवाय तिथे गणिकांची नावे तरी छापलेली आहेत.

आपल्याकडे मात्र छापील चित्र दिसले की टीका थांबते. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे मळवलीला, म्हणजे पनवेलहून बोरघाट चढून गेल्यावर लोणावळ्याच्या पलीकडे, गेला. त्याने साडीतल्या देवी घरोघरी पोहोचवल्या. भिंतीवरचे ते रूप हळूहळू ‘परंपरा’ ठरले.

याची किंमत कोणी मोजली, हे पनवेल-उरण पट्ट्यात पाहावे. आगरी समाजाचे नावच आगराशी, मिठागराशी जोडलेले. गुडघ्याच्या वर घट्ट नेसलेले लुगडे ही खाजणात आणि भातलावणीच्या चिखलात उभे राहणाऱ्या बाईची गरज होती. पण पोस्टकार्डांच्या आणि सचित्र पुस्तकांच्या दुनियेत किनाऱ्यावरची कष्टकरी स्त्री म्हटली की डोक्यावर टोपली घेतलेली कोळीण, एवढेच. आगरीण त्या साच्यात विरघळली. आज स्नेहसंमेलनात ‘मराठमोळा पेहराव’ म्हणजे जरीची नऊवारी, आणि आगरी-कोळी नेसण म्हणजे ‘डान्सचा ड्रेस’. एक पोशाख प्रतिष्ठेचा, दुसरा करमणुकीचा! ही प्रतवारी कोणत्या इतिहासाने केली?

धुरंधरांची चित्रे जरूर पाहावीत, जपावीत. पण पनवेलच्या आजीचे लुगडे कसे होते याचा पुरावा त्यांत शोधू नये. तो तिच्या ट्रंकेत आहे, लग्नाच्या जुन्या फोटोत आहे, आणि नेसण अजून हातात असलेल्या बायकांकडे आहे. त्यांना अजून फारसे कोणी विचारलेले नाही.